जुन्या लष्करी हेलिकॉप्टरची किंमत : मूल्यविचाराचा एक धडा

अर्थशास्त्राच्या पहिल्याच काही तासांत आपण 'मूल्य' आणि 'किंमत' यांतील भेद शिकतो. अॅडम स्मिथने १७७६ साली दिलेले पाणी आणि हिरा यांचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु एकदा वापरून झालेल्या वस्तूचे मूल्य कसे ठरवावे, हा प्रश्न आपण बहुधा जुन्या बाजारातील घासाघिशीवर सोडून देतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अपरिचित उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे अमेरिकी सैन्याने निकालात काढलेले 'ह्युई' हेलिकॉप्टर.

या हेलिकॉप्टरचे लष्करी नाव यूएच-१. बेल कंपनीने तयार केलेल्या या यंत्राचे पहिले उड्डाण १९५६ साली झाले. पुढे या घराण्यातील सोळा हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे बांधली गेली आणि त्यांपैकी हजारो व्हिएतनामच्या युद्धात वापरली गेली. १९७९ पासून 'ब्लॅक हॉक' हे नवे हेलिकॉप्टर सैन्यात दाखल होऊ लागले, तशी जुनी ह्युई हळूहळू बाजूला पडली. काही निरनिराळ्या राज्यांच्या वनखात्यांकडे गेली, काही खासगी व्यावसायिकांच्या हाती आली. वणव्यावर पाणी टाकणे, पिकांवर औषध फवारणे, डोंगरात तोडलेले ओंडके उचलून आणणे अशी कामे ती करू लागली.

आता असे हेलिकॉप्टर विकत घेणाऱ्याने काय पाहावे? आपल्याकडे बैलबाजारात जाणता शेतकरी शिंगांना लावलेल्या रंगाला भुलत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, कारण दात वय सांगतात. हेलिकॉप्टरचे दात म्हणजे त्याची नोंदवही.

हेलिकॉप्टर ही दिसायला एक वस्तू असली, तरी मूल्याच्या दृष्टीने ती अनेक आयुष्यांची मोट आहे. मुख्य पाती, शेपटीकडील पाती, पाती ज्यावर फिरतात तो उभा दांडा म्हणजे मास्ट, अशा कित्येक भागांना ठरावीक तासांचे आयुष्य असते. ते तास भरले की भाग वरून धडधाकट दिसला तरी काढून टाकावा लागतो. इंजीन आणि गिअरबॉक्स ठरावीक तासांनी पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागतात. म्हणून खरेदीदार लोखंड आणि अॅल्युमिनियम विकत घेत नसून उरलेले तास विकत घेत असतो.

समजुतीसाठी काही आकडे कल्पू. एका भागाची नवी किंमत ५०,००० डॉलर, आयुष्य २,५०० तास आणि वापर १,५०० तास झाला आहे. उरलेले तास १,००० म्हणजे दोन पंचमांश. तेव्हा त्याचे मूल्य २०,००० डॉलर. पण या १,५०० तासांची नोंदच सापडत नसेल तर? तर तो भाग किती वापरला हे कोणीच सांगू शकत नाही आणि त्याचे मूल्य शून्य धरावे लागते.

हाच हिशेब सबंध यंत्राला लावू. पूर्ण दुरुस्त केलेल्या यंत्राची बाजारकिंमत १० लाख डॉलर, त्यातील आयुष्यमर्यादित भाग ६ लाखांचे, आणि लष्करी सामान काढून नागरी परवाना मिळविण्याचा खर्च १ लाख, असे धरू. भाग सरासरीने निम्मे वापरलेले असतील, तर ३ लाख आणि १ लाख वजा जाता योग्य किंमत ६ लाख होते. नोंदी नसतील तर पूर्ण ६ लाख वजा करावे लागतील आणि उरतील फक्त ३ लाख. अशा नोंदीविना यंत्रासाठी कोणी ४ लाख मागितले, तर ६ लाखांच्या यंत्रापेक्षा ते स्वस्त वाटते. प्रत्यक्षात खरेदीदार १ लाखाला बुडतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा प्रकार.

तासांची नोंददेखील नेहमी पुरेशी नसते. सैनिक वाहून नेणारे हेलिकॉप्टर तासाभरात मोजक्या वेळा पूर्ण जोर लावते. ओंडके उचलणारे मात्र पुन्हा पुन्हा लावते. तास तेवढेच, पण धातूची झीज निराळी. म्हणूनच ह्युईच्या मास्टसाठी तासांबरोबर ओझे किती वेळा उचलले याचीही मोजणी ठेवावी लागते. उलट, वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या यंत्राचे तास कमी असले, तरी गंज आणि कडक झालेले रबर आपले काम करीतच असतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बेल कंपनीचेच '२०५' हे नागरी हेलिकॉप्टर ह्युईच्या यूएच-१एच या प्रकाराचे जवळजवळ जुळे भावंड आहे. तरीही माजी लष्करी ह्युईला अमेरिकेत सामान्यतः मर्यादित वर्गाचा परवाना मिळतो. तिला भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. ठरलेली विशेष कामेच करता येतात. उपयोग आखडला की किंमतही उतरते. म्हणजे धातू जवळपास सारखाच असताना केवळ कायद्याच्या कागदामुळे मूल्यात अंतर पडते.

जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, त्यामुळे चांगला मालही वाईटाच्या भावाने मोजला जातो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो, असे त्याने दाखविले. २००१ साली त्याला या विषयावरील कार्यासाठी दोघा सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. लष्करी लिलावात 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे' या अटीवर माल विकला जातो. नोंदी हरवल्या असतील, तर तेथे खुद्द विकणाऱ्यालाही पुरते ज्ञान नसते. अशा वेळी विश्वासाची जागा नोंदवहीच घेऊ शकते.

जुन्या मोटारीत फसलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. वणव्यावर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला ती सोय नाही. एखाद्या मेकॅनिकने वीस वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहिलेल्या चार ओळींवर त्याचा जीव टांगलेला असतो. कला शाखेचे आपण विद्यार्थी कागदपत्रे वाचण्यातच आयुष्य घालविणार आहोत. कागदाला मूल्य असते असे नव्हे, तर कधी कधी कागद हेच मूल्य असते, एवढे या उदाहरणावरून ध्यानी आले तरी पुरे.