काढणीनंतर भाजीपाल्याची निगा

भाजी रोपावरून काढली तरी तिचा श्वसनव्यापार थांबत नाही. मुळांकडून मिळणारे पाणी मात्र बंद होते. परिणामी ती स्वतःच्या साठ्यातील शर्करा खर्च करते, उष्णता निर्माण करते आणि पाणी गमावते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की हा खर्च साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. पालेभाजीत सुमारे ९० टक्के पाणीच असते. त्यातील थोडे उडाले तरी जुडी माना टाकते आणि तराजूत वजन घटते.

गोव्याच्या बाजारात बराचसा भाजीपाला बेळगाव भागातून घाट उतरून येतो. वाहनात चढण्यापूर्वीच तापलेला माल वाटेत अधिकच खराब होतो. याकरिता काढणी सकाळी लवकर करावी. माल बांधावर उन्हात न ठेवता सावलीत न्यावा. मोठे ढीग रचू नयेत, कारण ढिगाच्या मध्यभागी उष्णता कोंडते. गाजर व मुळा स्वच्छ, थंड पाण्यात धुऊन निथळावेत. अस्वच्छ पाण्याने सड सर्व मालात पसरते.

माल एक-दोन दिवस ठेवणे भाग असल्यास नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयुक्त ठरतो. त्यास वीज लागत नाही. विटांच्या दोन भिंतींमधील सुमारे साडेसात सेंटिमीटर पोकळीत वाळू भरून तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. वर ओल्या गोणपाटाचे झाकण व सावलीसाठी छप्पर असावे. माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, तोच नियम येथे लागू पडतो. कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहू शकते.

मात्र हे फळ कोरड्या हवेतच मिळते. दमट किनारपट्टीवर, विशेषतः पावसाळ्यात, लाभ अल्प असतो. तेथे सावली, मोकळी हवा व त्वरित विक्री यांवरच भर द्यावा. कांदा व लसूण या ओलसर कक्षात ठेवू नयेत. शीतगृहातही सर्वांना एकच थंडी मानवत नाही. कोबी व गाजर शून्य अंशाजवळ उत्तम टिकतात, तर भेंडी, वांगी व काकडी ५ अंशांवर काही दिवसांतच डागाळतात.

शाळांतून याचा सोपा प्रयोग करता येईल. समान वजनाच्या दोन जुड्या घेऊन एक उन्हात व दुसरी ओल्या फडक्यात सावलीत ठेवावी. सायंकाळी दोन्ही पुन्हा तोलाव्यात. वजनात जो फरक दिसेल, तेवढे शेतकऱ्याचे उत्पन्न उन्हात गेले असे समजावे.