त्याचे पैसे, तो बघेल

आई-बाबांनो, दहावीचे मार्क, नीटचा क्लास, पोराला लातूरला ठेवायचं की परभणीतच, हे सगळं आज बाजूला ठेवू. आज तुमच्या पोरांच्या एका भांडणाबद्दल बोलायचं आहे. हे भांडण तुमच्या कानावर रोज पडतं आणि "फालतू विषय बंद करा" म्हणून तुम्ही ते तोडून टाकता.

परवा मैदानाच्या कडेला ऐकलं. बास्केटबॉलचा सराव संपला होता, पोरं पायरीवर बसून पाणी पीत होती. एकाच्या पायात जॉर्डनचं चित्र असलेले बूट, अर्थात आपल्या बाजारातले, नकली. तेवढ्यावरून सुरू झालं.

"लय भारी होता, पण जुगारी होता म्हणे."

"तुला कोण सांगितलं?"

"मग भर जोरात असताना कामून सोडून गेला? लीगनंच काढलं त्याला, गुपचूप."

"येड्या, बापाचा खून झालता त्याच्या."

"तो बी उधारीपायीच झालता, रीलमधी सांगायलेत."

तिसरा इतका वेळ गप्प होता. बूट त्याचेच. तो म्हणाला, "अरे, त्याचे पैसे, तो बघेल. तुझ्या बापाचं काय गेलं?" आणि सगळे हसले. विषय संपला.

मला विचाराल तर तो तिथं सुरू व्हायला हवा होता. पण आधी जॉर्डनचं काय ते बघू, कारण पोरानं घरी विचारलं तर तुमच्याकडे "मला काय माहीत" यापलीकडे काही असलेलं बरं.

अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन पैसे लावून गोल्फ आणि पत्ते खेळत असे, यात अफवा काहीच नाही. १९९२ साली न्यायालयात त्यानं स्वतः सांगितलं की एका माणसाला दिलेला ५७ हजार डॉलरचा चेक जुगारात हरलेल्या पैशांचा होता. १९९३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या संघाशी मालिका चालू असताना, सामन्याच्या आदल्या रात्री तो अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत गेला. दुसऱ्या दिवशी संघ हरला, पेपरवाल्यांनी गहजब केला. पुढचे चारही सामने त्याच्या शिकागो संघानं जिंकले आणि नंतर विजेतेपदही. हे सगळं नोंदलेलं आहे. त्याच वर्षी जुलैत त्याच्या वडिलांचा खून झाला. ऑक्टोबरमध्ये त्यानं खेळ सोडला, लीगची चौकशी मिटली आणि नियम मोडल्याचं काही निघालं नाही. १९९५ च्या मार्चमध्ये तो परत आला. मधल्या काळात लीगनं त्याला गुपचूप बाहेर ठेवलं होतं, ही गोष्ट तीस वर्षं फिरते आहे आणि तिला आजवर एकही पुरावा सापडलेला नाही. वडिलांच्या खुनाबद्दल दोन तरुणांना शिक्षा झाली. रस्त्याकडेला गाडीत झोपलेल्या माणसाला लुटण्याचा तो प्रकार होता. जुगाराच्या उधारीचा धागा त्याला जोडला तो लोकांनी, आणि तोही मुलगा बापाच्या दुःखात असताना.

म्हणजे एकाच माणसाबद्दल एक गोष्ट खरी, एक बिनबुडाची आणि एक निव्वळ क्रूर. रीलमध्ये तिन्ही एकाच आवाजात, एकाच पार्श्वसंगीतावर येतात. त्या वेगळ्या करायला पोराला शाळेत कुणी शिकवत नाही. ते काम जेवणाच्या ताटावर होऊ शकतं.

अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्या मुंबईचा अंकित चव्हाण घ्या. डावखुरा फिरकीपटू, आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून खेळायचा. १५ मे २०१३ ला वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध सामना झाला आणि त्याच रात्री दिल्ली पोलिसांनी त्याला उचललं. श्रीसंत आणि अजित चंडिला हेही त्यात होते. आरोप असा की ठरवून धावा दिल्या, बुकींकडून पैसे घेऊन. जूनमध्ये त्याचं लग्न ठरलेलं होतं. न्यायालयानं लग्नापुरता जामीन दिला आणि मांडवात पाहुण्यांइतकेच कॅमेरे. सप्टेंबरमध्ये क्रिकेट मंडळानं श्रीसंतला आणि त्याला आजन्म बंदी घातली. २०१५ च्या जुलैत दिल्लीच्या न्यायालयानं तिघांसह सगळ्या आरोपींना दोषमुक्त केलं. मोक्का लावला होता, तो टिकला नाही. तरी मंडळानं बंदी उठवली नाही. पुढे श्रीसंत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१९ साली त्याची आजन्म बंदी सात वर्षांवर आली. अंकितचीही २०२१ मध्ये तशीच कमी झाली. तोवर खेळायचं वय निघून गेलं होतं.

आता पोरगं विचारेल, "कोर्टानं सोडलं, मग मंडळानं का नाही?" उत्तर सोपं नाही, पण सांगण्यासारखं आहे. आपल्याकडे सामना फिक्स करणं हाच गुन्हा, असं म्हणणारा वेगळा देशव्यापी कायदा नाही. पोलिसांना तो आरोप दुसऱ्या कलमांत बसवावा लागतो आणि तिथे पुरावा फार कडक लागतो. मंडळ नोकरी देणाऱ्यासारखं वागतं, त्याला स्वतःच्या चौकशीवर विश्वास पुरतो. म्हणून दोन ठिकाणी दोन निकाल. तुम्ही कुणाच्या बाजूचे, ते सांगायची गरज नाही. "तुला काय वाटतं, आणि कशावरून?" एवढं विचारा आणि पुढचा घास खा. पोरं या वयात बापाशी बोलत नाहीत, अशी तुमची तक्रार असते ना? या विषयावर ती अर्धा तास बोलतात.

बोलता बोलता ती त्या तिसऱ्या पोराच्या वाक्यावर येतातच. त्याचे पैसे, तो बघेल. ऐकायला किती समजूतदार! ५७ हजार डॉलर जॉर्डनला खरंच जड नव्हते. पण हे वाक्य बोलणाऱ्याचे स्वतःचे पैसे कुठले? मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापूस घातला, पट्टी हातात आली, तिच्यातून खतवाल्याची उधारी गेली, उरलं त्यातून आईनं फीला काढून ठेवलं ते. जॉर्डनच्या बचावासाठी उचललेलं वाक्य पोरगं सहा महिन्यांनी स्वतःसाठी वापरतं, "पाचशेच तर लावले" म्हणून. मला काळजी वाटते ती या वाक्याची. नट-खेळाडूंनी काय केलं, त्यानं आपल्या घरात फरक पडत नाही.

आणि आपला मुलगा मटक्याच्या टपरीवर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आकड्याचा धंदा या भागाला नवा नाही. मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत सुरू झाला आणि इकडच्या कापूस पिकवणाऱ्या गावांपर्यंत पोचला. टपरीवर जाणारा गल्लीत चार जणांना दिसायचा. आताचा पांघरुणात बसून खेळतो. कुणीतरी ओळखीचा, बहुधा क्लासमधलाच, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर 'आयडी' देतो. फोनवरून पाचशे पाठवले की पाचशे पॉइंट. पहिल्या आठवड्यात जिंकलेले पैसे झटकन खात्यात येतात, ते मुद्दाम. मग उधारीवर लिमिट मिळते आणि मग वसुली सुरू होते.

ओळखायचं कसं, तर मॅच बघताना त्याच्याकडे बघा. कोण जिंकतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पहिल्या सहा ओव्हरमध्ये किती धावा, यावर 'सेशन' लागलेलं असतं. सहावी ओव्हर संपली की चेहरा पडतो किंवा फुलतो आणि त्यानंतर धोनी खेळायला आला तरी तो टीव्हीसमोरून उठून जातो. जे पोरगं वर्षभरापूर्वी शेवटच्या चेंडूपर्यंत ओरडायचं, त्याचं असं झालं असेल तर दखल घ्या.

कायद्याचं म्हणाल, तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. भारतीय संघाच्या जर्सीवरचं ड्रीम ११ चं नाव त्याच महिन्यात गेलं. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, त्याला फसवला गेलेला मानलं आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण "पोलिसांत गेलं तर आपलंच पोरगं आत जाईल" या भीतीनं कितीतरी आई-बाप वसुलीवाल्याला गुपचूप पैसे मोजत बसतात. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० या नंबरवर लगेच कळवता येतं.

एक गोष्ट वेगळी. काही पोरांना खेळायला सांगत नाहीत, नुसतं बँक खातं मागतात. "तुझं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला दोन-तीन हजार घे." सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरतात. खातं गोठतं आणि पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या नावानं. इथे फसवला गेलेला म्हणून सुटका होईलच, असं नाही. अठराव्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी उघडून दिलेलं खातं आज कुणाच्या हातात आहे, हे आजच विचारा.

आता मोठ्यांचं. पोरं हुशार असतात, ती तुम्हाला अडवतात. सचिननं दारू-तंबाखूची जाहिरात करणार नाही असं वडिलांना वचन दिलं आणि पाळलं, हे आपण मुलांना कौतुकानं सांगतो. त्याच सचिननं ऑनलाइन गेमची जाहिरात केली, म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे आमदार बच्चू कडू त्याच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले. ती जाहिरात तेव्हा कायद्यात बसत होती, हेही सांगा. सुरेश रैना आणि शिखर धवन यांना २०२५ मध्ये ईडीनं चौकशीला बोलावलं ते सट्ट्याच्या अ‍ॅपच्या जाहिरातीवरून. त्यांनी सट्टा खेळला, असं कुणी म्हटलेलं नाही. जुगार खेळणं, सामना विकणं आणि जुगाराची जाहिरात करणं ही तीन वेगळी कामं आहेत. पोरांच्या वादात ती एकच होऊन जातात, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांच्याही. विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळल्याचा व्हिडिओ आला म्हणून २०२५ च्या जुलैत माणिकराव कोकाट्यांचं कृषी खातं गेलं. आपण खेळत नव्हतो, असं ते सांगत राहिले. नवं खातं मिळालं ते क्रीडा. यावरून पोरांनी काय समजायचं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मंत्र्यांचं सोडा. दिवाळीत लक्ष्मीपूजन झालं की ओसरीवर पत्ते निघतात, "शगुनापुरते." शेतातल्या आखाड्यावर तिर्रट चालते आणि तिथे चहा घेऊन जाणारं पोरगं तुमचंच असतं. धाड पडल्याची बातमी आली की आपण नावं वाचतो, ओळखीचं आहे का ते बघतो. पोरगं हे सगळं बघत मोठं झालं आहे. त्यानं जॉर्डनच्या वादात "बाबा, तुम्ही पण खेळता की" म्हटलं, तर आवाज चढवू नका. "खेळतो. इतके हरलो होतो. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही," असं बोलता आलं तर बोला. नाही बोलता आलं तर निदान या दिवाळीत ते पत्ते कपाटातच राहू द्या, आणि का, ते त्याला सांगू नका. त्याला कळतं.

समजा हे सगळं बोलणं झालं आणि एका रात्री तो येऊन म्हणाला, "आई, माझ्यावर उधारी झाली आहे." तेव्हा मारू नका, रडू नका, मामाला फोन लावू नका. वही घ्या. कुणाचे, किती, कधीपासून, कोण फोन करतं, सगळं त्याच्याच हातानं लिहून घ्या. फेडायला म्हणून एकरकमी पैसे त्याच्या हातात देऊ नका. "एकदाच, सगळं वसूल करून आणतो" हे तो म्हणणारच, कारण आयडी देणाऱ्यानं त्याला तेच शिकवलेलं असतं. आणि त्यानं सांगितलेला आकडा शेवटचा धरू नका. पहिल्यांदा पोरं निम्माच सांगतात. आई-बापाचं तोंड कसं होतं, ते बघतात. म्हणून दुसऱ्या दिवशी, तो आंघोळ करून जेवायला बसला की, तीच वही पुढे ठेवून पुन्हा विचारा.