मैदान आणि शस्त्रक्रियागृह : डॉ. डॉट रिचर्डसन

मुलगी मोठी होऊ लागली की तिचे खेळणे बंद होते. अभ्यास वाढला की मुलाच्याही हातातून चेंडू काढून घेतला जातो. खेळ आणि शिक्षण परस्परविरोधी आहेत, हा समज यामागे असतो. अमेरिकेतील सॉफ्टबॉलपटू डॉ. डॉट रिचर्डसन यांच्या जीवनाने हा समज खोटा ठरविला आहे.

सॉफ्टबॉल हा बेसबॉलच्या कुळातील खेळ आहे. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात, चेंडू खांद्याखालून हात फिरवून टाकला जातो व सामना सात डावांचा असतो. महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांतही हा खेळ खेळला जातो.

डॉट यांचा जन्म १९६१ साली फ्लॉरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे झाला. त्या दहा वर्षांच्या असताना मुलांच्या बेसबॉल संघाच्या एका मार्गदर्शकाने त्यांची चेंडूफेक पाहिली व त्यांना संघात बोलावले. मात्र अट अशी होती, की केस कापावेत आणि ‘बॉब’ हे मुलाचे नाव घ्यावे. डॉट यांनी नकार दिला. स्वतःचे नाव लपवून खेळणे त्यांना मान्य नव्हते. पुढे वयाच्या तेराव्या वर्षी त्या ऑर्लँडो रिबेल्स या महिला संघातून खेळू लागल्या.

शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला. त्यामुळे महाविद्यालयांत मुलींच्या खेळांना हळूहळू स्थान मिळाले. डॉट यांच्या पिढीला या बदलाचा लाभ झाला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ज्या संघाने १९८२ साली राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेची पहिली सॉफ्टबॉल स्पर्धा जिंकली, त्या संघात त्या होत्या.

पदवीनंतरही त्यांनी शिक्षण सोडले नाही आणि खेळही सोडला नाही. १९९३ साली लुइव्हिल विद्यापीठातून त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या व अस्थिशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेऊ लागल्या. रुग्णालयातील काम संपल्यावर राहत्या घरी जाळी लावून त्या फटक्यांचा सराव करीत.

१९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉलचा प्रथमच समावेश झाला. चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या डावात डॉट यांनी मारलेल्या फटक्यावर दोन धावा मिळाल्या. चेंडू सीमारेषेबाहेर पडल्याची हरकत चिनी संघाने घेतली. पंचांनी आपला निर्णय बदलला नाही. अमेरिकेने सामना ३-१ असा जिंकला. त्या वेळी डॉट ३४ वर्षांच्या होत्या. २००० साली सिडनी येथे त्यांचा संघ ओळीने तीन सामने हरला. तरीही अखेर सुवर्णपदक त्यानेच मिळविले.

२०१३ साली त्यांनी व्हर्जिनिया राज्यातील लिबर्टी विद्यापीठाच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. मे २०२५ मध्ये या संघाने प्रथम मानांकित टेक्सस ए अँड एम संघास प्रादेशिक फेरीत पराभूत केले. प्रथम मानांकित संघ या फेरीतच बाद होण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढील फेरीत लिबर्टीचा संघ ओरेगनकडून हरला. परंतु त्या फेरीपर्यंत तो यापूर्वी कधीही पोहोचला नव्हता.

शिक्षक व पालक यांनी या चरित्रातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुण सर्वत्र असतात. उणीव असते ती संधीची. शाळेच्या वेळापत्रकात मुलींसाठी खेळाचा तास राखून ठेवणे आणि तो तास अन्य विषयांसाठी न घेणे, एवढे तरी प्रत्येक गावात करता येण्याजोगे आहे. आपल्याच नावाने मैदानावर उतरण्याचा हक्क प्रत्येक मुलीला मिळाला पाहिजे.