सिद्धी नव्हे, शील पाहावे

येरमाळा हे येडेश्वरीच्या यात्रेचे गाव. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला येथे लाखो माणसे येतात. या पंचक्रोशीत वाढलेल्या कोणालाही अंगात येणे, देवऋषी, उतारा, करणी, भानामती हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ‘अमक्याकडे शक्ती आहे’ असे कानावर आले की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. शक्ती भले करणारी वाटली तर पाया पडतो. वाईट करणारी वाटली तर त्या माणसाला वाळीत टाकतो. वास्तविक पाहता अशा माणसाचा निर्णय कसा करावा? तो धोक्याचा समजावा, की सुधारण्याजोगा? विहारातील अभ्यासवर्गात हा प्रश्न निघाला, तेव्हा धम्मग्रंथांत त्याचे उत्तर शोधण्याचा आम्ही यथामती प्रयत्न केला. तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चंदनाचे पात्र आणि दुष्काळातील भिक्खू

विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच बांबूवर टांगले आणि ज्याच्याकडे ऋद्धी असेल त्याने ते काढून न्यावे, असे आव्हान दिले. पिंडोलाने आकाशमार्गे जाऊन ते काढले. लोक जयजयकार करीत मागे लागले. तथागतांनी मात्र कौतुक केले नाही. एका लाकडी भांड्यासाठी असे प्रदर्शन करणे श्रमणाला शोभत नाही, अशी कठोर समज देऊन त्यांनी ते पात्र फोडून त्याची पूड करावयास लावली आणि गृहस्थांपुढे ऋद्धी दाखविण्यास भिक्खूंना मनाई केली.

दुसरा प्रसंग दुष्काळातला आहे. वज्जींच्या प्रदेशात अन्न मिळेना, तेव्हा वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्खूंनी एक युक्ती काढली. ‘हा भिक्खू अमुक सिद्धी मिळवलेला, तो तमुक’ अशी ते गृहस्थांपुढे एकमेकांची खोटी स्तुती करू लागले. लोकांनी स्वतःच्या मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून त्यांना दिला. दुष्काळ म्हणजे काय हे १९७२ पाहिलेल्या मराठवाड्यातील माणसाला निराळे सांगावे लागत नाही. तथागतांनी अशा भिक्खूला सर्वांत मोठा चोर म्हटले. अलौकिक सिद्धीचा खोटा दावा हा त्यांनी मनुष्यहत्येच्या पंक्तीला बसवला. दोन्हींना शिक्षा एकच, संघातून कायमचे बाहेर.

ग्रंथातील या ऋद्धी शब्दशः खऱ्या मानाव्यात असे आमचे म्हणणे नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरील विश्वासाला अधम्म म्हटले आहे. प्रत्येक घटनेला मानवी किंवा नैसर्गिक कारण असतेच, हे त्यांचे प्रतिपादन आहे. आमचा मुद्दा एवढाच की, ज्या काळी बहुतेकांचा अशा शक्तींवर विश्वास होता, त्या काळीही तथागतांनी शक्तीला महत्त्व दिले नाही. त्यांनी कृती पाहिली.

सामर्थ्य एक, वाटा दोन

ग्रंथ सांगतात की महामोग्गलान आणि देवदत्त, दोघांनाही ऋद्धी प्राप्त होती. मोग्गलान धम्मसेनापती सारिपुत्ताच्या बरोबरीने संघाचा आधार ठरले. देवदत्ताने त्याच ऋद्धीने राजपुत्र अजातशत्रूला भारून टाकले, संघाचे नेतृत्व मागितले, आणि ते न मिळाल्यावर मारेकरी पाठवले, शिळा लोटली, नालागिरी हत्ती सोडला. सामर्थ्य एकच असताना एक तारक ठरला आणि एक घातक. म्हणजे धोका सामर्थ्यात नव्हता, तृष्णेत होता.

आता अंगुलिमाल पाहा. त्याच्याजवळ सिद्धी नव्हती, पण त्याच्या नुसत्या नावाने गावे ओस पडत. त्याला धरण्यासाठी राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला, तेव्हा अंगुलिमाल चीवर पांघरून तथागतांजवळ बसलेला होता. भिक्खू झाल्यावरही लोकांनी त्याला दगड मारले. तो डोके फुटलेला, पात्र फुटलेले असा परत येई. ‘सहन कर’ एवढेच त्याला सांगण्यात आले. मनुष्य सुधारू शकतो, परंतु केलेले आपोआप पुसले जात नाही, असे दोन्ही धडे या एका कथेत आहेत.

आपल्याकडील परीक्षा

हीच कसोटी आपल्या देवऋषीला लावू. साप चावलेल्याला जो आधी दवाखान्यात पाठवतो, पैसे घेत नाही, कोणाचे नाव घेऊन ‘हिने केले’ म्हणत नाही, तो अज्ञानी असेल, पण घातक नव्हे. त्याच्याशी बोलता येते, त्याला समजावता येते. जो औषध बंद करतो, भूत काढतो म्हणून मारतो, बाईमाणसाकडे बोट दाखवतो, तो घातक होय. त्यालाही अंगुलिमालाची वाट खुली आहे. मात्र त्याने आधी हातातले शस्त्र टाकले पाहिजे.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर आधी वटहुकूम म्हणून आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूर केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. शक्ती खरी की खोटी या वादात हा कायदा शिरत नाही. तो कृत्ये मोजतो. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे हाही त्यात गुन्हा आहे.

आमचा दोष

दूध आटवण्याचा हा उल्लेख वाचला तेव्हा आम्हांला एक म्हातारी आठवली. काही वर्षांपूर्वी ती निराधार अनुदानाचे पैसे घ्यायला आमच्या काउंटरवर येई. शेजाऱ्याची म्हैस आटली आणि त्यांचे लेकरू आजारी पडले, एवढ्यावरून गावाने तिला भानामती करणारी ठरवले होते. रांगेत तिच्या मागेपुढे हातभर जागा मोकळी राही. तिने अंगठा उठवल्यावर त्या स्टॅम्प पॅडवर बोट टेकवायला पुढचा माणूस तयार होईना. रांग खोळंबली. आम्ही काय केले? ड्रॉवरमधून दुसरे पॅड काढून ठेवले. रांग सुरू झाली. पुढे दर महिन्याला आम्ही दोन पॅड ठेवू लागलो.

आमच्या वडिलांनी हॉटेलाबाहेर वेगळ्या कपात चहा घेतलेला आहे. तो कप स्वतःच विसळून ठेवावा लागे, हे आम्ही त्यांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांच्या मुलाने वेगळे पॅड ठेवले, आणि त्यात काही चुकले असे त्याला तेव्हा वाटलेही नाही. काही महिन्यांनी म्हातारी यायची बंद झाली. लेकीच्या गावी गेली असे कळले. तिची क्षमा मागायची राहून गेली.

त्या बाईने काहीच केले नव्हते. जिथे कृत्यच नाही, तिथे तिने सुधारावे काय? धोका होता तो गावाच्या भीतीचा आणि आमच्यासारख्या सुशिक्षितांच्या सोयीच्या मौनाचा. सुधारायचे ते आम्हीच.

म्हणून उपासक-उपासिकांना आमची नम्र विनंती आहे. ‘अमक्याकडे शक्ती आहे’ असे कोणी सांगितले तर तीन प्रश्न विचारावेत. त्याने प्रत्यक्ष काय केले? त्यात कोणाचे नुकसान झाले? आणि हे सांगणाऱ्याचा त्यात लाभ कोणता? उत्तरे मिळेपर्यंत कोणाच्या पाया पडू नये आणि कोणालाही रांगेबाहेर काढू नये. आमच्या टेबलावर आता एकच पॅड असते.

जय भीम!