बिनतारी गोंदणयंत्र : निवड आणि वापर

गतवर्षी आपल्या संस्थेच्या रक्तदान शिबिरात एक प्रसंग घडला. मोठ्या उत्साहाने आलेल्या पाच-सहा तरुणांना रक्तपेढीच्या डॉक्टरांनी परत पाठविले. कारण विचारता त्यांनी मुलांच्या हातांवरील ताज्या गोंदणाकडे बोट दाखविले. गोंदल्यापासून बारा महिने रक्त घेता येत नाही, असा नियम आहे. मुले खट्टू झाली, ज्येष्ठ मंडळी रागावली, आणि 'हे खूळ बंद करा' असा सूर निघाला. गंमत अशी की, सर्वांत मोठा सूर ज्या आजींनी लावला, त्यांच्याच मनगटावर तुळशीवृंदावन आणि कपाळावर हिरवा ठिपका आहे.

यानंतर दोनच महिन्यांनी आमच्या स्वयंरोजगार साहाय्य समितीपुढे एका सभासदांच्या कन्येचा अर्ज आला. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या या मुलीस बॅटरीवर चालणारे गोंदणयंत्र घेण्यासाठी बिनव्याजी कर्ज हवे होते. समितीतील आम्हां पाच जणांना त्या यंत्राबद्दल ओ की ठो ठाऊक नव्हते. नकार देणे सोपे होते. परंतु पैसा संस्थेचा, आणि जिच्यात सुई जाणार ती कातडीही बहुधा आपल्याच मुलांची. तेव्हा माहिती करून घेतल्यावाचून 'हो' किंवा 'नाही' काहीच म्हणू नये, असे ठरले. त्या खटाटोपात जे हाती लागले, ते येथे मांडीत आहोत.

पूर्वी जत्रेत गोंदणारीण बसे. दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, वाटीत काजळी कालवलेली, आणि पोरीचा हात आईने घट्ट धरलेला. आजचे यंत्र करते तेच काम, फक्त हाताऐवजी मोटर सुई हलविते. या यंत्राचा पणजोबा थॉमस एडिसनचे विजेचे लेखणीयंत्र होय. १८७६ साली पेटंट मिळालेली ही लेखणी कागदाला सेकंदास सुमारे पन्नास भोके पाडून त्यावरून नकला काढण्यासाठी होती. तिच्याच तत्त्वावर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ साली गोंदण्याच्या विद्युत्-यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनची लेखणीही बॅटरीवरच चाले. मात्र ती बॅटरी द्रावणाने भरलेल्या बरण्यांची होती आणि टेबलावर ठेवावी लागे. म्हणजे मधली शंभरावर वर्षे तारेला बांधलेले हे यंत्र लिथियमच्या घटामुळे आता पुन्हा मोकळे झाले आहे.

यंत्राचे दोन प्रकार. जुन्या प्रकारात तारेची दोन वेटोळी चुंबक बनून पोलादी पट्टीला ओढतात व सोडतात. त्याचा तो ओळखीचा गुंजारव. बिनतारी यंत्रे बहुतेक दुसऱ्या प्रकारची असतात. त्यांत एक छोटी मोटर, तिच्या दांड्यावर मध्यापासून किंचित बाजूला बसविलेली खुंटी, आणि त्या खुंटीच्या फिरण्याने खालीवर होणारी सुई. खुंटी मध्यापासून पावणेदोन मिलिमीटर दूर असेल, तर सुई त्याच्या दुप्पट, म्हणजे साडेतीन मिलिमीटर सरकते. या अंतराला कारागीर 'स्ट्रोक' म्हणतात, आणि खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न याचाच विचारावा. तीन मिलिमीटरच्या आसपासचा स्ट्रोक हलक्या छटांना बरा, चार व त्यावरचा ठळक रेघांना. नवशिक्याने एकच यंत्र घ्यायचे तर साडेतीनचे घ्यावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्ट्रोक साडेतीनचा म्हणजे सुई तितकी आत जाते असे नव्हे. कातडीत ती साधारण दीड ते दोन मिलिमीटरच जावी, व ती खोली यंत्राची मूठ फिरवून आणि मुख्यतः हाताने सांभाळावयाची असते. वरचा थर सतत झडत असतो, म्हणून रंग त्यात राहिला तर पुसून जातो. फार खोल गेला तर पसरून निळसर डाग पडतो. मधल्या थरात मात्र शरीराच्या संरक्षक पेशी परका समजून त्या रंगाला गिळून बसतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, या पेशी मरतात तेव्हा सुटलेला रंग शेजारच्या नव्या पेशी पुन्हा उचलतात. आजींचे वृंदावन सत्तर वर्षे का टिकले, याचा उलगडा आम्हांस असा झाला.

आता बॅटरी. लिथियमचा एक घट सुमारे ३.७ व्होल्टचा, आणि यंत्राला लागतात पाच ते दहा व्होल्ट. मधला फरक आतील सर्किट भरून काढते. स्वस्त यंत्राची खोट नेमकी येथे असते. त्या मुलीने एका दुकानदाराकडून आधीच एक हलके यंत्र आणले होते, ते तिने संस्थेच्या सभागृहात नकली रबरी कातडीवर चालवून दाखविले. पहिला अर्धा तास रेघ काळीभोर आली. पुढे पडद्यावर आकडा तोच राहिला, पण सुई मंदावली आणि रेघ तुटक पडू लागली. विकणाऱ्याकडे तक्रार केली तेव्हा 'वापरण्याची पद्धत चुकली' असे उत्तर मिळाले. रबराऐवजी कोणाचा दंड असता तर? तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवावी लागली असती, आणि गिरवलेली कातडी सोलवटून निघते. म्हणून आमचा सल्ला असा की, दुकानात पाच मिनिटे यंत्र चालवून समाधान मानू नये. पूर्ण भरलेल्या बॅटरीपासून ती संपेपर्यंत एकच जाडीची रेघ निघते का, हे पाहण्याची सवलत मागावी.

बॅटरी काढता येणारी असावी. काही शे वेळा भरल्यावर घट थकतोच; तो आत कायमचा बसविलेला असेल तर सारे यंत्रच जाते. शिवाय दुसरी भरलेली बॅटरी हाताशी असल्यावाचून मोठे काम सुरू करू नये. बॅटरीवर भारतीय मानक आय. एस. १६०४६ ची नोंद आहे ना, हे पाहावे. विमानप्रवासात सुटी बॅटरी सामानात न देता हातातील पिशवीत ठेवावी लागते. वजनाचे म्हणाल तर नुसते हलके असून भागत नाही. बॅटरी शेपटाला असल्यामुळे काही यंत्रे मागे कलंडतात आणि तासाभरात मनगट भरून येते. लेखणीसारखे धरून दहा मिनिटे कागदावर गिरवून पाहिले की हे कळते. किंमत चार-पाच हजारांपासून पन्नास हजारांच्याही वर जाते. भारी ते चांगलेच, असे आम्हांस आढळले नाही.

सर्वांत अधिक वेळ आम्ही सुईवर घालविला, आणि वाचकांनीही तेथेच थांबावे अशी विनंती आहे. तार गेल्यामुळे रक्त-शाईच्या हातांनी हाताळली जाणारी एक वस्तू कमी झाली, हे खरे. पण बॅटरीचे यंत्र वाफेच्या निर्जंतुक-पात्रात घालता येत नाही. त्यामुळे सुईवाटे काही आत शिरले, तर ते पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत जाऊ शकते. यावर उपाय म्हणून सुईच्या नळीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, एक रबरी पडदा असतो. तो शाई आणि रक्त मागे येऊ देत नाही. बिनपडद्याची कार्ट्रिज दोन रुपयांनी स्वस्त मिळते. ती घेऊ नये. प्रत्येक सुई गिऱ्हाइकासमोर बंद पाकिटातून काढावी, पाकिटावरील मुदत वाचावी, आणि काम होताच ती न भोसकणाऱ्या डब्यात टाकावी. यंत्राला प्रत्येक वेळी नवे प्लॅस्टिकचे वेष्टन घालावे. शाई छोट्या टोपणात ओतून घ्यावी. उरलेली बाटलीत परत ओतू नये. कावीळ-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. त्यावर लस आहे, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी अशा तीन मात्रांची. कावीळ-सीवर लस नाही.

वापराविषयी थोडेसे. आधी केळ्याच्या सालीवर आणि नकली कातडीवर हात बसवावा. हाताची गती सुईच्या गतीशी जुळली पाहिजे. हात धावला तर रेघेऐवजी ठिपके पडतात, रेंगाळला तर कातडी फाटते. मराठी अक्षरांची गोष्ट वेगळी आहे. 'ण', 'क्ष', 'ळ' यांच्या पोटातील पोकळ्या बारीक काढल्या तर वर्षांनी शाई पसरून बुजतात, म्हणून अक्षर मोठे घ्यावे. शिरोरेषा शेवटी, भरल्या बॅटरीने, कातडी ताणून ओढावी. आणि शब्द कागदावर लिहून तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा; 'आशीर्वाद' मधली चुकलेली वेलांटी जन्मभर दंडावर वागवावी लागते. अठरा वर्षांखालील मुलांस गोंदू नये. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांनी तर आधी भरतीचे नियम वाचावेत. तेथे कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंतचे आणि तळहाताच्या मागील बाजूचे गोंदणच सर्वसाधारणपणे चालते.

अखेर आमच्या समितीने कर्ज मंजूर केले. त्यातील काही रक्कम यंत्रासाठी नव्हे, तर पडद्याच्या कार्ट्रिज, सुयांचा डबा व दुसरी बॅटरी यांसाठीच राखून ठेवली, आणि लशीच्या तिन्ही मात्रा झाल्याचा दाखला आणल्यावरच पैसे दिले. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती मुलगी आता रक्तदानाच्या बारा महिन्यांची आठवण आधी देते.

आजींनी आपले पुसट झालेले वृंदावन तिच्याकडून उजळून घेण्याचा हट्ट धरला आहे. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे डॉक्टरांचा होकार येईपर्यंत आम्ही त्यांना थांबविले आहे, आणि त्याबद्दल त्या आमच्यावर रागावून आहेत.