रेल्वेचा पास: तीन महिन्यांचा की वर्षाचा?

कापडाचे नमुने घेऊन मुंबईच्या बाजारात नेहमी जाणारे भिवंडीचे बहुतेक व्यापारी बंधू कल्याण किंवा ठाण्याहून लोकल पकडतात. त्यांच्यासाठी आम्ही पासाचा हिशेब मांडत आहोत.

मासिक पास १०० रुपयांचा धरला, तर तिमाही सुमारे २७०, सहामाही ५४० आणि वार्षिक १०८० रुपयांना पडतो. म्हणजे तिन्हींत महिन्याला ९० रुपयेच! सवलत तिमाहीतच पूर्ण मिळते, पुढे वाढत नाही. मग मंदीत माग बंद पडून फेऱ्या थांबल्या, तर वर्षाचे पैसे कशाला अडकवायचे? वार्षिक पास बारमाही रोज जाणाऱ्यानेच काढावा. त्याची रांग वाचते. फेऱ्या मोजक्याच असतील, तर आधी सुट्या तिकिटांचा खर्च मांडून पाहावा.

आणखी एक. एका भावाच्या पासावर दुसऱ्याने जाऊ नये. तो विनातिकीट ठरतो.