लिलावातला फ्लॅट : बोली किती लावावी?

प्रश्न : कर्ज थकल्याने बँकेने ताब्यात घेतलेला ठाण्यातला फ्लॅट ई-लिलावात आहे. तो हातचा जाऊ नये म्हणून किती बोली लावू?

उत्तर : आकड्याआधी पैसे भरण्याच्या मुदती पाहा. थकीत कर्जापोटी तारण विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या नियमांनुसार बोली जिंकल्यावर त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के भरावे लागतात. उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशी जप्ती वैध ठरवली आहे. गृहकर्जाची मंजुरी हातात नसताना चढी बोली लावणे म्हणजे निव्वळ जुगार. ‘मी थांबलो तर दुसरा नेईल’ म्हणाल, तर खुशाल नेऊ द्या. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर होते. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, आत बसलेला भाडेकरू हे सहसा घेणाऱ्याच्याच गळ्यात पडते. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या नोंदणीकृत व्यवहारांचा भाव काढा, त्यातून हा बोजा वजा करा. उरेल ती तुमची कमाल बोली. ती राखीव किमतीहून कमी भरली, तर या लिलावात उतरूच नका.